चार बोटांचं जाळं

मिठागर, उरण
वैशाख, १९५८

सौ. गिरजा हिला कोंडूचा आशीर्वाद. आईच्या पायांवर डोकं ठेवतो.

मी बरा आहे. मिठानं पायांना भेगा पडल्यात, पण खोबरेल लावतो, काळजी करू नको. आईचा खोकला कसा आहे? म्हैस दूध देते का?

तुझं पत्र पोचलं. गाबोळी भरलेला, अंडी घालायला आलेला मासा हाती लागला तर परत डोहात सोडायचा, आणि बारीक जाळं कुणी लावायचं नाय, असं गावकीत ठरलं. बरं झालं. आपला डोह रिकामा झाला हे मला पण दिसत होतं. मागल्या साली मी हेच बोललो तेव्हा तू हसलीस. आता आपल्या आळीतला धाकलू बोलला तर धसईच्या बाजारापर्यंत त्याचं कौतुक. मासे सोडा सांगायला त्याचं काय जातं? त्याच्या घरात जाळंच नाय.

आपलं जुनं जाळं उसवून तू मोठ्या भोकांचं विणलंस, पिल्लं निसटावीत म्हणून. चार बोटं जातील एवढं भोक, असं लिहितेस. धाकलू शेजारी बसून सांगत होता, ते पण वाचलं.

आपल्या घरात जाळ्याचं माप घरधन्याच्या बोटांवर घेतात. माझी बोटं इथं मीठ ओढतायत. तुझी तर बारीक, त्यांच्या मापानं एवढं मोठं भोक व्हायचं नाय.

मी येईपर्यंत ते जाळं पाण्यात घालू नको. आणि चार बोटं कुणाची घेतलीस, तेवढं लिही.

कोंडू