हंडा कुणाच्या डोक्यावर होता

दिपाली,

भात झाकून ठेवलाय, सुकटीची चटणी शिंक्यावर आहे. मी किन्हवलीला आत्याकडे जाते, उद्या येईन.

काल फोनवर तुझी कॉलेजची मुलाखत चालली होती, तेव्हा मी कुडाआड भांडी घासत होते. शहरी तंत्रज्ञानाचाच कोर्स का, असं सरांनी विचारलं. तू म्हणालीस, "भातसा धरणाचं पाणी आमच्या पाड्यावरून मुंबईला जातं, सर, आणि मी लहानपणापासून डोक्यावर हंडा वाहते. शहराला पाणी कसं पोचवतात ते शिकून मला ते पाड्यावर आणायचंय."

छान बोललीस गो. ऐकता ऐकता माझीच मान दुखायला लागली. तुझा अभ्यास बुडू नये म्हणून विहिरीची वाट मी एकटीनं तुडवली. शाळा सुटली माझी, आणि सरांना सांगायला कारण झालं तुझं.

जळते मी, नाय कशाला म्हणू? तुला प्रवेश मिळू दे, पेढे मीच वाटीन. पण आज हंडा रिकामा ठेवलाय, त्यावर माझी चुंबळ आहे. विहिरीवर जा आणि सरांना सांगितलेलं एकदा तरी खरं कर.

चुंबळ घट्ट वळ. तुझे केस मऊ आहेत, हंडा सरकेल.

रुपाताई