विणकराची बाजू

सोमवार, ८ जानेवारी
इन्स्पेक्ट्रेसबाई येऊन गेल्या. तिसरीचं वाचन ऐकलं, खूश. जाताना बाजूला घेऊन म्हणाल्या, मेहकरला मुलींची नवी शाळा निघते आहे, नागपूरची मंजुरी आली. हेडमिस्ट्रेस म्हणून तुमचं नाव घालते. महिनाअखेर होकार कळवा. माझे पाय जमिनीवर नव्हते. घरी येईपर्यंत टेकले. यांचं सायकलचं दुकान इथे, नांदुऱ्याला स्टेशनापाशी. ते काही पाठीवर घालून नेता येत नाही.

बुधवार, ता. १०
यांना सांगितलं. चाकाच्या तारा आवळत होते, मान वर नाही. "चांगलं हाय." बस. चांगलं म्हणजे काय? जा म्हणून, की राहा म्हणून? विचारलं नाही. नाक मलाही आहे. भांडी मात्र जरा आपटली.

शनिवार, ता. १३
बाजाराच्या मैदानात तंबूतला सिनेमा. बोलपट जुना, पण एके काळी फार गाजलेला. शेजारच्या अमीनाबीसोबत गेले. हे पुरुषांत, पडद्यासमोर. आम्ही बायका नेहमीसारख्या पडद्यामागे, म्हणून सगळं उलटं. नायक आम्हाला डावखुरा. गोष्ट अशी: राजा एका विणकराला राणीचा शालू विणायला बोलावतो. एक झाला की दुसरा. वर्षं जातात. बायको गावी वाट पाहते. अखेर तो घरी येतो तर ती ओळखत नाही, वाटसरू समजून पाणी देते.

बायकांत रडारड. अमीनाबी तर शिव्यांवरच आली. "मेल्याले घरदार आठोत नाई का वं? आग लागो त्या शालूले!" मीही पदर डोळ्यांना लावला. पण खरं इथे तरी लिहावं. मला त्याचा राग आलाच नाही. नक्षीत धागा नेमका बसला की त्याचं तोंड उजळतं ना, ते मला ठाऊक आहे. पहिलीतली पोर पाटीवर स्वतःचं नाव काढते तेव्हा माझं तसंच होत असणार. एवढ्या बायकांत मी एकटीच विणकराच्या बाजूची. लाज वाटली. आनंदही झाला, ते जास्त वाईट.

रविवार, ता. १४
हे पुन्हा सिनेमाला! एकटेच. एरवी यांना पहिल्या गाण्यालाच डुलकी लागते. आल्यावर जेवता जेवता म्हणाले, "ती बाई इतके वर्सं दिवसभर काय करत होती, ते सिनेमावाल्यानं दाखोलंच नाई."
म्हटलं, वाट पाहत होती.
"वाट पाहनं काय काम हाय का बापा? दिवस कसा जात असन तिचा?"
तेव्हा कळलं. मी त्या विणकरात जाऊन बसले होते, आणि हे त्याच्या बायकोत. मूलबाळ नाही म्हणून लोकांना वाटतं, आमचं सोपं आहे. सोपं बिपं काही नाही.

गुरुवार, ता. १८
हे दुकान लवकर बंद करून आले. राखेनं हात घासघासून धुतले, तरी नखांत काळं होतंच. परातीपाशी बसले. "मले भाकर शिकव."
मी शाळेतली मराठी विसरून "काऊन?" म्हणाले.
"तू मेहकरले गेल्यावर मी काय त्या बाईसारखा दाराकडे पाहत बसू? मले नाई जमनार ते." मग परात पुढे ओढून, "पन तू जाय. तुले जायचं हाय, मले दिसून राह्यलं."
मला बरं वाटायला हवं होतं. रडलेच. चुलीच्या धुरावर ढकललं. इतक्या सहज सोडतात म्हणून राग, आणि सहज नाही हे दिसत होतं म्हणून जीव तुटला...
भाकरी थापताना फाटली, तव्यावर करपली. दोघांनी खाल्ली.

सोमवार, ता. २२
रोज एक तरी करतात. हात बरा बसला आहे. कड मात्र चिरते. पीठ गरम पाण्यात मळायचं असतं, ते सांगायचं माझ्याकडून राहूनच जातं. होकार अजून पाठवलेला नाही. आज भाकरी अर्धी फुगली. "पाह्य, आली आली!" म्हणून केवढ्यानं ओरडले. मी छान म्हटलं. मनात म्हटलं, सगळी फुगू नकोस गं बाई इतक्यात.