आहेरातली कपिला

दादा,

काल माह्या वास्तुपूजेले तू अमरावतीहून आला, पोटभर जेवला अन् आहेर देऊन गेला. आज तो उघडला अन् संताप आला मले. आत माहंच पेस्टलचं चित्र होतं, पळसाखाली बसलेली आपल्या आईची कपिला गाय. तुह्या अमोलच्या लग्नात मीच दिलं होतं. तवा तू फोनवर म्हणाला, "बैठकीत लावलं, लय झकास दिसते."

आवडलं नसतं तं चाललं असतं. पण कागदाची घडी माहीच, चिकटपट्टीही माहीच होती. तू ते कधी फोडलंच नाही, फक्त माह्या नावावर तुहं नाव डकवलं. अन् मी अकोलाभर सांगत फिरली, माही गाय अमरावतीले भिंतीवर आहे!

हे पत्र पोस्टात टाकत नाही. तू हेही न फोडता कोणाच्या तरी आहेरात देशील.

तुही,
कुसुम