उताराची बातमी

सोमवार, ४ नोव्हेंबर
उतार नाही. डॉक्टर रोज सकाळी एवढंच बोलतात आणि पुढच्या खाटेकडे वळतात. आज थांबले. "मेंदू पुन्हा काम करणार नाही. श्वास यंत्र घेतंय. ते काढायचं की नाही, हे पत्नीने सांगायचं." म्हणजे मी! सासूबाईंनी असं पाहिलं, जसं काही मी सुरी घेऊनच उभी आहे.

घरी आले, बूट चढवले आणि टेकडीच्या रस्त्याने पळत सुटले.

मंगळवार, ५
दुकानात एका आजोबांच्या चष्म्यात डावी काच उजवीकडे बसवली. म्हणाले, "पोरी, जग वाकडं दिसतंय." म्हटलं, मलाही.

गुरुवार, ७
सासूबाई – "नवरा असा पडलाय आणि ही डोंगर चढत फिरते. लोक काय म्हणतील?" लोक म्हणायचं ते म्हणतील. मी काय म्हणायचं, हा प्रश्न आहे.

रविवारच्या मॅरेथॉनला आम्ही दोघांनी मिळून नाव दिलं होतं. सगळा घाटरस्ता – एक चढ संपला की दुसरा तयार. तो म्हणाला होता, "जगातले सपाट रस्ते संपले का गं?" तेव्हा नीट सांगता आलं नव्हतं. आता येतं. चढावर माझा श्वास मलाच घ्यावा लागतो, भात्यासारखा वाजतो. डोक्यात दुसरं काही मावत नाही. आणि तिथे मला कोणी मत विचारत नाही! हे त्याला सांगायचं होतं. रडू येतंय, पुरे.

शनिवार, ९
दीर म्हणाले, "वहिनी, तुम्ही जा. मी बसतो त्याच्याजवळ. काही कमी-जास्त झालं तर शर्यतीच्या लोकांना फोन करतो, ते निरोप पोचवतील." कमी-जास्त! सगळ्यांनी कमीच धरलंय. मी एकटी अजून जास्त धरून बसलेय.

रविवार, १०
शेवटच्या मोठ्या चढावर पायांचं लाकूड झालं होतं. वर पाण्याच्या टेबलापाशी एक माणूस हात हलवत ओरडला, "ताई, उतार आहे!"

दिरांचा निरोप! मी त्या अनोळखी माणसाचे दोन्ही हात धरले. "कधीपासून? डोळे उघडले का त्याने?"

तो गोंधळला. "कोणी? मी रस्त्याचं म्हणतोय. इथून पुढे सगळा उतारच आहे."

मी तिथेच डांबरावर बसले आणि हंबरडा फोडला. पळणारे बाजूने जात राहिले. त्याने पाण्याचा पेला दिला आणि शेजारी उकिडवा बसला. म्हणाला, "गाडी बोलवू का?" नको म्हटलं.

उतरताना गुडघे बोंबलत होते. शर्यत पुरी केली, सगळ्यांच्या मागून. वाटेत एक कळलं – या एवढ्याशा शब्दाची वाट बघत मी त्याला तिथे टांगून ठेवलंय. तो कधीच ओझं होऊन राहिला नसता. मला जड जातंय म्हणून त्याने अडकून पडायचं?

मंगळवार, १२
डॉक्टरांना हो म्हटलं.

सासूबाई येईल त्याला सांगतायत – जाताना त्याने बायकोचा हात घट्ट धरला होता.

धरला मी होता. त्यांना सांगणार नाही.