घळीत फक्त आमचंच स्टेशन लागतं

मंगळवार, ७ सप्टेंबर १९९९

आले एकदाची! ओहायोतून निघाल्यावर सहा तास गाडी हाकली, आणि शेवटचा तास नुसती वळणं. रेडिओ स्टेशन म्हणजे टेकडीच्या माथ्यावर दोन खोल्या, मागे मनोरा, पुढे तीन लाकडी पायऱ्या. आधीच्या स्टेशनाने माझ्या जागी कम्प्युटर बसवला, तेव्हा वाटलं होतं की संपलं आपलं. उद्यापासून सकाळी सहा ते दहा पुन्हा माइक माझ्यासमोर असेल. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पोरीसारखं नाचावंसं वाटतंय.

मालकीणबाईंना सगळा तालुका मानाने मिस ओपल म्हणतो. वय पंचाहत्तर, आवाज अजून खणखणीत. आल्या आल्या त्यांनी राजम्याचं कालवण आणि मक्याचा पाव पुढे केला. माझे उच्चार ऐकून म्हणाल्या, "बाई, तू बोलतेस की इस्त्री करतेस? जरा चुरगळून बोल, नाहीतर लोकांना वाटेल मी बँकेची माणसं बोलावलीत."

नवरा कुठला, असं त्यांनी विचारलं. एमेट इथलाच, क्विलन घळीतला, असं सांगितलं. तीन वर्षांपूर्वीच्या पुरात आईचं सामान हलवायला आला आणि परत आलाच नाही. सासूबाई सापडल्या, त्यांना मी माती दिली. एमेट सापडला नाही. मिस ओपल ओघात 'विधवा' म्हणाल्या, मी 'बेपत्ता' म्हणाले. त्यांनी माझ्या ताटात आणखी एक पाव वाढला.

शुक्रवार, १० सप्टेंबर

काम बसलं. सगळ्यात मोठं काम सात वाजून दहा मिनिटांनी. तालुक्यात कोण गेलं, त्यांची नावं वाचायची. नाव, वय, गाव, मागे कोण कोण. मला वाटलं होतं, ही जाहिरातीसारखी एक गोष्ट. पण इथे रेडिओवर नाव वाचेपर्यंत माणूस गेला असं धरतच नाहीत. शवपेटीशेजारी रेडिओ लावून ठेवतात, नाव झालं की मगच झाकण बंद. काल एका घरी वीज गेली, तर मुलाने बापाची पेटी ट्रकजवळ नेली आणि ट्रकातला रेडिओ लावला. मला हसू आलं. मिस ओपलना आलं नाही.

आमची स्पर्धा 'लाखवाल्यां'शी. शहरातलं ते स्टेशन एक लाख वॅटचं, म्हणून हे नाव. आम्ही तीन हजारवाले. गाणी दोघांचीही तीच, गिटार, ट्रक, दारू आणि गेलेली बायको. फरक एवढाच की ते नावं वाचत नाहीत. गेल्या वर्षी त्यांनी नवा मनोरा उभारला, आणि आता बाजारपेठेतसुद्धा आमच्यापेक्षा तेच स्वच्छ ऐकू येतात. मिस ओपलच्या सख्ख्या भाच्याच्या ट्रकात लाखवाले लागलेले असतात. त्याचं नाव काढलं की त्या थुंकतात.

मनोऱ्याची डागडुजी करणारा रॉस्को टॅकेट मला नकाशावर पेन्सिलीने दाखवत होता. इथे ते, तिथे ते, हा रस्ता त्यांचा, ती शाळा त्यांची. फक्त कड्यामागे त्यांच्या लहरी अडतात, आणि क्विलन घळ आमच्या टेकडीच्या बरोबर पायथ्याशी. घळीत फक्त आमचंच स्टेशन लागतं.

त्या घळीनेच आम्हाला तारलंय. पाहणीवाली कंपनी घरोघर छोट्या वह्या पाठवते, लोक आठवडाभर कुठलं स्टेशन कधी ऐकलं ते लिहितात, आणि जाहिरातवाले त्यावर चालतात. वसंतातल्या पाहणीत घळीतून सात वह्या गेल्या. सातही वह्यांत पहाटेपासून झोपेपर्यंत आम्हीच. म्हणजे माणसं पुन्हा राहायला गेली तिथे. बरं वाटलं. पुरानंतर मी घळीत पाऊल ठेवलेलं नाही.

बुधवार, १५ सप्टेंबर

नऊ वाजता देवाणघेवाणीचा कार्यक्रम असतो. लोक फोन करून बकऱ्या, टायर, पाळणे विकतात. आज एका म्हातारीने कपडे पिळायचं यंत्र मागितलं. जुनं चालेल म्हणाली, आमचं पाण्याबरोबर गेलं. आवाज लांबचा आणि मागे पाण्याची खळखळ. मी नंबर विचारला. तिने चारच आकडे सांगितले. पुढचे आकडे विचारणार, तोच मिस ओपलनी हात लांबवून फोन तोडला.

घळीतले फोन मी घेते, एवढंच म्हणाल्या. मी म्हटलं, चांगली बोलत होती बिचारी. तर त्यांनी पुढचा फोनही स्वतःच उचलला.

तो आवाज कुठेतरी ऐकलाय.

रविवार, १९ सप्टेंबर

दाराला कडी घालून लिहितेय.

चर्चनंतर उन्हात घळीत गेले. म्हटलं, आपले अन्नदाते श्रोते बघून येऊ, यंत्रवाल्या म्हातारीला भेटू. गाडीत रेडिओ चालू होता. कडा ओलांडल्यावर लाखवाले खरखरले आणि गेले, आमचं स्टेशन असं स्वच्छ लागलं की जणू मिस ओपल शेजारी बसून बोलताहेत.

तिथे कोणी राहत नाही. सात घरं, सातांनाही दारं नाहीत. भिंतींवर खिडकीपर्यंत चिखलाची रेघ. विजेचे खांब आडवे, तारा केव्हाच कोणी नेल्यात. सासूबाईंच्या घराच्या फक्त पायऱ्या आणि धुराडं उरलंय.

मी गाडीचा रेडिओ बंद केला. गाणं चालूच राहिलं.

आधी वाटलं, बटण बिघडलं. किल्ली काढून घेतली. गाणं घरांतून येत होतं. पहिल्या घरातून, समोरच्या घरातून. आणि सासूबाईंच्या पायऱ्यांवरून, जिथे भिंतसुद्धा नाही, तिथून. गाणं संपलं, आणि कोणीतरी खुर्ची ओढून जवळ बसावं तसा आवाज झाला.

मी गाडी उलटी फिरवली ती थेट टेकडीवर.

आता आवाज ओळखला. यंत्र मागणारी म्हातारी म्हणजे सासूबाई. वेस्टा स्टिल्टनर. मी स्वतः माती दिलेली.

सोमवार, २० सप्टेंबर

रॉस्कोला गाठलं. आधी टाळत होता, मग बोलला. पुराच्या वेळी वीज गेली आणि स्टेशन नऊ दिवस बंद होतं. त्या नऊ दिवसांत घळीतली अकरा माणसं गेली. स्टेशन सुरू झालं तेव्हा तेव्हा मालक असलेल्या मिस ओपलच्या नवऱ्याने ठरवलं की जुनी नावं वाचायची नाहीत. पुरून झालीत, लोकांच्या जखमा कशाला उकरायच्या? चांगल्या मनाने केलं म्हणतो रॉस्को. त्या दिवसापासून ताजी नावं सुरू झाली. ती अकरा राहून गेली.

अकरांत एमेटही धरलेला. मी मनात दहाच मोजली.

त्यांना कोणी सांगितलंच नाही, रॉस्को म्हणाला. गाडीची वाट बघत फलाटावर बसल्यासारखी बसलीत ती, कानाला रेडिओ लावून.

मग मिस ओपलनी तरी नंतर का वाचली नाहीत? तर तो म्हणाला, सात वह्या, नॅडीन. सात वह्या.

मंगळवार, २८ सप्टेंबर

मिस ओपलशी भांडले. त्यांनी नाकारलं नाही. म्हणाल्या, "त्यांना दुसरं काही ऐकू येत नाही. आपण बंद पडलो तर त्यांच्याशी कोण बोलणार, तुझ्या जागी बसवला तसला कम्प्युटर?" मग रडल्या. नवरा गेल्यापासून त्या पोरक्या माणसांचे फोन रोज घेतात, त्यांची गाणी लावतात. हे प्रेम आहे की लबाडी ते मला कळेना. त्यांनाही कळत नसावं.

आणि एक बातमी. लाखवाले कड्यावर लहरी पुढे फेकणारं छोटं यंत्र बसवताहेत, म्हणजे घळसुद्धा त्यांची. रेडिओच्या काट्यावर त्या यंत्राचा आकडा आमच्या अगदी शेजारचा. रॉस्को म्हणतो, पंधरा ऑक्टोबरला सकाळी आठला ते सुरू झालं की घळीत आमचा आवाज बुडेल, परत कधी लागणार नाही. मग नावं वाचली तरी ऐकणार कोण?

मंगळवार, ५ ऑक्टोबर

पाहणीवाल्यांकडून वह्यांच्या शेवटच्या पानांच्या प्रती आल्या. तिथे लोक मनातलं लिहितात. ही उन्हाळ्यानंतरच्या पाहणीची पहिली खेप. मिस ओपल बाहेर होत्या, पाकीट मी फोडलं.

सातवं पान एमेटच्या हातचं. सगळी मोठी अक्षरं, खाणीत फॉर्म भरून भरून लागलेली सवय.

लिहिलंय, "सकाळी सहा ते दहा. नवी बाई. आवाज माझ्या बायकोसारखा आहे. आईचं नाव अजून आलं नाही. माझंही नाही. रोज सात-दहाला ऐकतो."

पान उशाखाली ठेवलंय. कागद ओला आहे. दुपारभर उन्हात ठेवला तरी ओला.

शनिवार, ९ ऑक्टोबर

मिस ओपलना सांगितलं, सोमवारी वाचणार. त्यांनी पर्स पुढे ओढली. मग दहा नावांचा कागद स्वतःच काढून दिला. तीन वर्षं पर्समध्ये होता, घड्यांवर फाटलेला. अकरावं नाव त्यात नाही. माणूस सापडला नसेल तर ते घरच्यांनी द्यायचं असतं, म्हणाल्या. आणि ओळ तुलाच लिहावी लागेल, मागे कोण, तेही. जमेल?

जमेल म्हणाले. खोटं बोलले.

सोमवार, ११ ऑक्टोबर

सात-दहाला वाचली. एकेक नाव, वय, क्विलन घळ. फोनवर दहा लाइनींचे दिवे लागले होते, कोणीही फोन उचललेला नव्हता. एक नाव झालं की एक दिवा जायचा. वेस्टा स्टिल्टनर, वय बहात्तर, म्हटलं तेव्हा दिवा जायच्या आधी कानावरच्या हेडफोनमध्ये हलकंसं "बरं गं बाई" ऐकू आलं. त्या ताट उचलताना म्हणायच्या तसंच.

दहा झाली. मिस ओपल काचेपलीकडे डोळे पुसत होत्या. अकरावं ओठांवर आलं आणि मी गाणं लावलं.

तीन वर्षं मी त्याचं जॅकेट खुंटीवरून काढलेलं नाही. एका ओळीत कसं काढू?

मंगळवार, १२ ऑक्टोबर

साडेसातला अकरावा दिवा लागला. मी उचलला.

एमेट.

म्हणाला, आईला हाक मारतोय, ओ देत नाही. शेजारीही कोणी नाही. "नॅडीन, सगळे कुठे गेले?"

मी रिसीव्हर कानाला दाबून धरला. त्याच्या मागे खळखळ होती. तो घाबरला होता. पंचवीस वर्षांच्या संसारात तो घाबरलेला मी कधी पाहिला नाही. मी त्याला तिथे एकटं टाकलंय. माझ्या भित्रेपणाने मी त्याला एकटं टाकलं.

शेवटी म्हणाला, तुझा आवाज जिथून येतो तिकडे येतो.

बुधवार, १३ ऑक्टोबर

सकाळी स्टेशनच्या पहिल्या पायरीवर चिखल. पाऊस नाही, आठवडाभर नाही. नदीचा चिखल, गाळाचा, वास येतो.

रॉस्को पाहून गेला. जाताना टोपी काढली.

आज वाचायचं होतं. चार नावं वाचली, तालुक्यातली. त्याचं नाही. तो येतोय. येऊ दे की — एकदा बघू दे — मी वेडी झालेय का?

गुरुवार, १४ ऑक्टोबर

दुसरी पायरी. तिसरी. दाराबाहेर पाण्याचं थारोळं, दोन पावलांएवढं.

स्टेशनचं दार लावून बसले. मग उघडावंसं वाटलं. मग भीती. त्याची भीती — माझ्या एमेटची! लाज वाटते लिहायला.

मिस ओपलनी फोन केला. ओरडल्या. म्हणाल्या, दार उघडलंस तर तो आत येईल, तू माइक सोडून त्याच्यामागे जाशील आणि नाव वाचायला कोणी उरणार नाही. उद्या आठपर्यंतच. तो इथवर आला तरी ऐकतो घळीतूनच; नंतर त्याला ना तुझा आवाज, ना दुसऱ्या कोणाचा. कायमचा त्या खळखळीत. म्हणाल्या, मी वाचू का? मी म्हटलं, नाही. ते घरच्यांनी द्यायचं असतं.

शुक्रवार, १५ ऑक्टोबर

सहा वाजता आले. तो रात्रीच आला होता — उंबऱ्यावर गाळ. आत नाही आला. वाट बघतोय.

६.४०. आता बाहेरच्या खोलीत, काचेपलीकडे आहे. पाठमोरा. मान जराशी डावीकडे, ऐकताना ठेवायचा तशी. शर्टातून पाणी गळतंय, जमिनीवर पोचत नाही. मी गाणी लावतेय. प्रत्येक गाण्यानंतर तो थोडा वळतो.

६.५५. चेहरा बघू नये असं वाटतं. बघावासाही वाटतो. तीन वर्षं पाण्यात —

७.०४. रॉस्कोचा फोन, कड्यावरचं यंत्र तापतंय, आमचा आवाज घळीत खरखरायला लागलाय. लवकर, म्हणाला.

काचेवर त्याचा हात टेकलाय. बोटं ओळखीची. अंगठी आहे.

एमेट, मला माफ कर. मी तुला ठेवून घेतलं, आणि त्याला प्रेम म्हणत राहिले.

७.०८. ओळ इथेच लिहून घेते, म्हणजे वाचताना अडखळणार नाही. माझ्या खोलीच्या दाराची कडी वाजली. वर बघत नाही. आधी लिहिते. माइक चालू आहे, लिहिता लिहिता मोठ्याने म्हणतेय.

आज सकाळचं एक नाव. एमेट रे स्टिल्टनर, वय सत्तेचाळीस, क्विलन घळ. मागे पत्नी, नॅ—