गणितात एक्याऐंशी

गढा, जबलपूर
१९ ऑक्टोबर २०१६

प्रिय लहानूस,

मोठ्या भावाचा जयभीम. भावजयीला आणि मुलांनाही सांग.

इकडे आम्ही ठीक आहोत. शेवंताचे गुडघे धरले आहेत, माझ्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू मागच्या महिन्यात काढला. विनयची बदली कटनीला झाली आहे, पण तो रोज जाऊन येऊन करतो. आई गेली तेव्हा आपण भेटलो होतो, त्याला पंचवीस वर्षं झाली. तू अजून विहाराच्या ओट्यावर पोरांना फुकट शिकवतोस आणि सारं गाव तुला लहानू मास्तर म्हणतं, हे तुमसरकडून येणाऱ्या माणसांकडून कळतं. तेंदूपत्त्याच्या फडावरची मुन्शीगिरी सोडलीस, तेही कळलं.

तुझा फोन नंबर माझ्याकडे आहे. पण फोनवर तू 'हां, बोल' म्हणशील आणि मी गुडघ्यांचं सांगून ठेवून देईन. म्हणून पत्र. चुका सापडतील. लहानपणी माझ्या पाटीवरच्या चुका तू काढायचास, चार वर्षांनी धाकटा असून. आताही काढ.

कारण असं झालं. विनयची मुलगी विनीता, तू तिला पाहिलेलं नाहीस, ती इथे समाजकार्याचं एम.एस.डब्ल्यू. करते आहे. त्यात एक विषय आहे, माणसाची वाढ आणि त्याची वागणूक. जन्मल्यापासून मरेपर्यंत माणसाचे आठ खाने पाडलेले असतात आणि प्रत्येक खान्यात एक झगडा असतो. तो जिंकला तर माणूस पुढे नीट चालतो, हरला तर लंगडतो. प्रत्येक विद्यार्थ्याने एका म्हाताऱ्याला धरून त्याचं आयुष्य या आठ खान्यांत बसवून लिहायचं. तिने मला धरलं. घरातला म्हातारा, ऑटोचाही खर्च नाही.

पहिल्या खान्यात बाळाने आईवर भरवसा ठेवायचा की नाही, ते ठरतं. मी म्हटलं, आमची आई झोळी बांधावर टांगून रोवणीला जायची, भरवसा ठेवायचा तर बेडकांवरच. तिने तेही लिहून घेतलं. ही मुलं सगळंच लिहून घेतात.

दोन रविवार नीट गेले. तिसऱ्या रविवारी तिने विचारलं, तुमची सर्वांत जुनी आठवण कोणती? मी दीक्षेची सांगितली. छप्पन साल. गाडीत पाय ठेवायला जागा मिळेना म्हणून आपण अलीकडेच उतरलो आणि शेवटचे दहा-बारा मैल नागपूरपर्यंत पायी गेलो. आईचं नवं पांढरं लुगडं. माझ्या डोक्यावर भाकरींचं गाठोडं, ते मी कोणाला घेऊ देईना. आणि माझा धाकटा भाऊ बाबांच्या खांद्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक टोळीला जयभीम ठोकत होता. घसा बसला तेव्हा बाबांच्या डोक्यावर टाळ्या वाजवायला लागला. हे सांगताना मी नेहमी हसतो, तेव्हाही हसलो.

विनीताचा पेन थांबला.

"आबा, रुको. तुमचा जन्म जून त्रेपनचा ना?"

"हो."

"मग दीक्षेच्या टाइमला तुम्ही तीन सालचे. आणि लहानू आजोबा तुमच्याहून दोन सालने छोटे, म्हणजे एक सालचे."

"असतील," मी म्हटलं. घरात मी आपल्यात दोनच वर्षांचं अंतर सांगत आलो होतो.

तिने दुसरा एक कागद काढला. कोणत्या वयात मूल काय करतं, त्याचा तक्ता. "एक सालचा बच्चा नारे नाही लगावत, आबा. आई, बाबा, दे, बस इतकंच बोलते. आणि तीन सालचा बच्चा डोक्यावर गाठोडं घेऊन दस मील नाही चालत. और चला भी, तो साठ साल बाद इतना साफ याद नहीं रहता."

"आमच्या वेळची पोरं मजबूत होती," मी म्हटलं.

ती हसली नाही. "आठवण मला झूठी नाही वाटून राहिली. तारीख झूठी वाटून राहिली."

सत्तेचाळीस वर्षांत कुणा साहेबाला, कुणा क्लार्कला जे दिसलं नाही, ते या पोरीला एका तक्त्यावरून दिसलं. शेवंता आत भाजी चिरत होती. तिथूनच म्हणाली, "आता तरी सांगून टाका ना जी. किती वर्षं दुसऱ्याच्या वाढदिवसाचा केक कापून राहिले?"

मग मी सांगितलं. तुला यातलं बरंचसं माहीत आहे, तरी लिहितो. तिला जे सांगितलं ते तुलाही सांगायला हवं, आणि एक गोष्ट तुलाही माहीत नाही.

एकोणसत्तर साली बाबा गेले. मॅंगनीजच्या धुळीने त्यांची छाती खाल्ली. मी वीस वर्षांचा, सातवी पास, तुमसरच्या राइस मिलमध्ये पोती उचलत होतो. तू सोळाचा. पहिल्या श्रेणीत मॅट्रिक, गणितात एक्याऐंशी, गावातला पहिला. शाळेच्या दाखल्यावर तुझं नाव शालिग्राम, पण त्या नावाने तुला हाक मारणारा एक हेडमास्तरच. जबलपूरहून मामांचं पत्र आलं की सरकारी फॅक्टरीत भरती आहे, अठराच्या आतला मॅट्रिक पास पाहिजे. सगळे म्हणाले, लहानूला पाठवा. तू पिशवीसुद्धा भरली होतीस. मी म्हटलं, नाही, हा शिकेल, मास्तर होईल, याचा कागद घेऊन मी जातो. त्या काळी कागदावर फोटो नसायचा. दीक्षेनंतर अठरा दिवसांनी आपलं गाव एका राज्यात गेलं होतं आणि जबलपूर दुसऱ्या, इकडे आपल्याला ओळखणारं मामांशिवाय कोणी नव्हतं. तू पिशवीतून कागद काढून माझ्या हातात दिलास. मला वाटलं, आपण केवढा मोठेपणा केला. तुला शिकायला मिळावं म्हणून मी नोकरी धरली, आणि नोकरी धरायला तुझं शिक्षणच उचलून नेलं. हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही, खोटं कशाला सांगू.

सुरुवातीला फार फजिती झाली. "सालिगराम" म्हणून कोणी हाक मारली की मी ओ देत नसे. सुपरवायझरला वाटलं, हा बहिरा आहे. त्याने मला फॅक्टरीच्या दवाखान्यात पाठवून कान तपासून घेतले. डॉक्टरने लिहिलं, कान उत्तम आहेत. त्यानंतर मी घरी शेवंताला सांगून ठेवलं की मला याच नावाने हाक मार, सवय होऊ दे. लग्न झाल्या झाल्या बिचारीला हे काम.

त्यानंतर तुझं पत्र आलं होतं, एकाहत्तरच्या जुलैमध्ये. भंडाऱ्याला मास्तरकीच्या ट्रेनिंगला तुझी निवड झाली होती, महिनाअखेर मूळ प्रमाणपत्र दाखवायचं होतं. मी कळवलं, कागद फॅक्टरीत जमा आहे, परत देत नाहीत. तू लिहिलंस, मग दुसरी प्रत काढू का? मी लिहिलं, काढ, पण पकडलो गेलो तर मी तुरुंगात जाईन आणि आई उपाशी मरेल, तुझं तू बघ. त्यानंतर तू या विषयावर कधी लिहिलं नाहीस. पुढच्या वर्षी फडावर लागलास.

तुला माहीत नसलेली गोष्ट ही. कागद फॅक्टरीत नव्हता. तपासणी होऊन तो मला सत्तर सालीच परत मिळाला होता. तुला ते उत्तर लिहिलं तेव्हा तो माझ्या खाटेखालच्या पत्र्याच्या पेटीत होता, आणि उत्तर लिहायला मी त्याच पेटीवर बसलो होतो. दोन शालिग्राम एकाच कागदावर सरकारी नोकरीत राहिले तर कधीतरी कोणीतरी जोडून पाहील, एवढा हिशेब मी नीट केला होता. रागात केलं नाही, घाईतही नाही. आणि दुसरं असं की ते नाव मला आवडायला लागलं होतं. गोहलपूरच्या आमच्या चाळीत लोक अर्ज घेऊन यायचे, "सालिगरामजी, आप तो मैट्रिक हैं, पढ़ दीजिए." मिलमध्ये मला कोणी जी म्हटलं नव्हतं. मी अर्ज वाचायला शिकलो, लिहायलाही शिकलो. तू मास्तर झाला असतास तर ते कदाचित राहिलं नसतं. लहानू, मला याची लाज वाटते. पंचेचाळीस वर्षं वाटत आली आहे, पण लाज वाटते म्हणून कागद काही पेटीतून बाहेर निघत नाही.

विनीता सगळं ऐकत बसली. त्यांना शिकवतात की समोरच्याला तोलायचं नाही, फक्त ऐकायचं. तिने तोललं नाही. तोललं असतं तर मला बरं वाटलं असतं. वही मिटताना तिने एकच विचारलं.

"पापा दहावीत गणितात फेल झाले होते, तेव्हा तुम्ही त्यांना पट्ट्याने मारलं होतं. 'बाप के इक्यासी, बेटे के अट्ठाईस' बोलून. पापाने मला सांगितलं आहे. तेव्हा तुम्हाला माहीत होतं ना, ते इक्यासी कोणाचे?"

"माहीत होतं," मी म्हटलं.

ती उठून गेली. चार दिवस माझ्याकडे फिरकली नाही. तिने विनयलाही सांगितलं; दोन दिवस माझ्या डोळ्यातले थेंब शेवंताने घातले. तिसऱ्या दिवशी त्याने मोतीबिंदूचे थेंब माझ्या डोळ्यात घातले आणि म्हणाला, "ऊपर देखो." एवढंच. मी वर पाहिलं.

पाचव्या दिवशी विनीता आली. मला वाटलं, ती दुसरा म्हातारा शोधेल. पण ती कागद घेऊनच बसली. म्हणाली, "आबा, आमच्याकडे असली नाव लिहीत नाहीत. जिसकी कहानी है, उसका नाम बदल के लिखते हैं. कायदाच आहे तसा."

"माझं तर बदललेलंच आहे," मी म्हटलं.

तेव्हा ती हसली. हसता हसता तिने डोळे पुसले, मी दुसरीकडे पाहिलं. मग पेन उघडून म्हणाली, "कोणतं ठेवू?"

"पुंडलिक ठेव."

"पुंडलिक? हे कोणाचं नाव?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं, तिला सगळं सांगितलं होतं, हेच राहून गेलं होतं. माझ्या मुलाच्या मुलीला माझं नाव माहीत नव्हतं. तिला सोड, तिच्या बापालाही नव्हतं. मी म्हटलं, "माझं." तिने ते कागदाच्या डोक्यावर लिहिलं. खाली नियमाप्रमाणे कंसात लिहिलं, नाव बदललेले आहे.

आठवा खाना अजून रिकामा आहे. त्यात म्हातारा मागे वळून पाहतो आणि एक तर समाधान पावतो, नाहीतर हळहळतो. दोन्हींपैकी एकावर खूण करायची. मी विनीताला म्हटलं, थोडं थांब. तिचं काम या महिन्याच्या शेवटी द्यायचं आहे.

हे सगळं कोणी उद्या वर कळवलं तर माझ्या पेन्शनचं, या म्हातारपणाचं काय होईल, याची भीती गेलेली नाही. हे पाकीट ओमतीच्या पोस्टात देताना ती असेलच. तरी देणार. तू मला माफ कर असं लिहीत नाही, कारण ते लिहिलं की तुझ्यावर उत्तराचं ओझं येतं, आणि ओझी तू पुष्कळ उचललीस.

सोबत तुझं प्रमाणपत्र आणि गुणपत्रिका पाठवतो आहे. घड्यांवर कागद विरला आहे, जपून उघड. गणिताचा आकडा स्वच्छ वाचता येतो. एक्याऐंशीच आहेत, मी कधी कमी करून सांगितले नाहीत.

दिवाळीच्या सुट्टीत विनीता तुमसरला येईन म्हणते. तुलाही सर्वांत जुनी आठवण विचारील. दीक्षेची सांग. तू खांद्यावर होतास, मला नुसते लोकांचे पाय दिसत होते. पुढे काय होतं ते तुलाच ठाऊक. मीही ऐकेन, तू येऊ देशील तर.

पाकिटावर मी शालिग्राम डोमाजी गोंडाणे असं लिहिलं आहे. इतकी वर्षं हे नाव सही म्हणून लिहिलं, पत्त्यात आज पहिल्यांदा. गावच्या पोस्टमनला हा माणूस ठाऊक नसणार, म्हणून खाली लहानू मास्तर असंही लिहिलं आहे. म्हणजे तुला मिळेल.

तुझा मोठा भाऊ,
पुंडलिक