मालकांनी सुधारलेली वही

सोमवार, ३
छापखान्यात रुजू झाले. उजेड भरपूर, अक्षरांच्या खिळ्यांचे खण चकाचक. मालकांनी विचारलं, आजी, या वयात झेपेल का? म्हटलं, चौथीपर्यंतच शिकलेय, पण उलटी अक्षरं तुमच्या सुलट्यांपेक्षा भरभर वाचते. हसले. पहिलं काम आघाडीवर मेलेल्या एका सैनिकाच्या कवितांचं. वही त्याच्या बहिणीने आणली. म्हणाली, मावशी, काना-मात्रा बदलू नका, तो एवढाच उरलाय. शब्द दिला.

मंगळवार, ४
मला वाटायचं कविता म्हणजे चंद्र, फुलं, उसासे. हा लिहितो, 'बूट चिखलात राहिला, मी पळालो.' पुढे, 'शेजारचा मेला. त्याचा डबा मी खाल्ला, भूक लागली होती.' सरळ माणूस. आवडला.

गुरुवार, ६
मालकांनी लाल शाई चालवली. 'पळालो' खोडून 'पाय रोवून उभा राहिलो'. म्हटलं, तुम्ही होतात का तिथे? म्हणाले, पळपुट्याची कविता कोण वाचेल, आजी? मी तशीच जुळवली. चुकलंच. उठायला गेले तर पाय हलेनात. फरशीवर घोटाभर चिखल, गारढोण. जुनी ओळ परत बसवली तेव्हा सुटले. चपला अजून ओल्या आहेत.

शुक्रवार, ७
मालकांना सांगितलं. म्हणाले, वयाचं आहे. 'डबा खाल्ला'च्या जागी 'अन्नपाणी त्यागलं' त्यांनी स्वतःच्या हाताने जुळवलं. दुपारी मालक जेवायला बसले, तर घास ओठांपाशी अडला. पाणीसुद्धा जाईना.

शनिवार, ८
कळलं मला. त्याने जे केलं ते करून तो मोकळा झाला. जे केलंच नाही, ते आता कुणालातरी करावं लागतं. जो त्या ओळीला हात लावेल त्याला. मालकांना म्हटलं, काढा ती. ऐकत नाहीत. ओठ फुटलेत, तरी शेवटचं पान घेऊन बसलेत. त्याची ओळ खोडून आपली जुळवताहेत, 'मृत्यूला हसत मिठी मारली.'

सोमवार, १०
मालक यंत्रापाशी सापडले. गार. तोंडभर हसू. हात कुणाला तरी कवळल्यासारखे — डॉक्टरांना सोडवता आले नाहीत.

दुपार
डॉक्टर म्हणाले, कुलूप लावा, घरी जा. जाते कसली. ती ओळ अजून साच्यात आहे. बहिणीला शब्द दिलाय.

दार लावलं. एकेक खिळा उपटतेय. त्याची वही शेजारीच, ही माझीही —

पाठीशी गारठा. ओठ आपोआप ताणले जाताहेत. हसणार नाही. हो बाजूला, मेल्या, काम करू दे.

'मृत्यूला' निघालं. 'हसत' निघालं —

हात वर उचलले जातात. पुन्हा खाली ओढले. 'मिठी' दातांनी काढली.

आता त्याची ओळ. त्याच्या अक्षरातली, खोडलेली. मोठ्याने म्हणत बसवतेय, ऐकायचं त्याने ऐकावं —

'आई, मला भीती वा